जीपगाडीची तहान

कोर्टातनं भरमू आला तसं दारात पायताण काडायच्या आधीच मी त्येला धरला. भरमू म्हंजे माझा धाकटा दीर, वाडीतर्फे साक्ष द्याला गेलता.

"काय झालं रं?"

"वैनी, लई झोकात बोललो! म्हटलं, सायेब, देवाच्या राईतली वाळकी काटकीबी आमी चुलीला लावत न्हाय. पडल्यालं फळ उचलत न्हाय. पायताण घालून आत जात न्हाय. दिवा लावून येताना पायाला पान चिकटलं तर त्येबी झाडून येतोय."

"मग?"

"कानडी सायेब त्यो, म्हणाला, कायच घेत न्हाय तर राईचा फायदा येन्री, म्हंजे काय? फायदा न्हाय तर तोडल्यावर तुमचा तोटा कसला?"

"तू काय म्हणालास?"

"म्हटलं, बरोबर हाय सायेब."

मी कपाळाला हात लावला. आमच्या म्हशीला ह्येच्यापरास जास्त कळतंय.

"आनि झऱ्याचं, मुडद्या?"

"पानी आमी कुटं घेतोय वैनी? त्ये आपणहून येतंय की!"

गुंजी गावाच्या पल्याड आमची वाडी. साल अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीचं. राईच्या मुळातनं झरा येतोय, त्येच्यावर आमचं भात, आमची ढोरं, आमी. नागोजी कंत्राटदारानं कोळसा पाडाया राई लिलावात घेटलेली. राई गेली की झरा गेला, झरा गेला की वाडीनं बोचकं बांदायचं. आमच्या वकिलानं हातापाया पडून सायबाला जागा बगाया आणायचं ठरवलं.

सायेब यायच्या दिवशी ऊन असं, की मी भाकरी तव्यावर न्हाय, कौलावर भाजली. एक करपलीबी. खोटं वाटत आसंल तर भरमूला इचारा, त्येनंच खाल्ली.

जीपगाडी चढणीला फुसफुसत आली, नाकातनं वाफ. सायेब, नागोजी आनि त्येचा काळ्या कोटाचा वकील उतरले आनि बगायच्या इहिरी सोडल्या, हद्द सोडली, तडक राईच्या सावलीकडं निगाले. मी काठी आडवी घातली.

"आत जायचं न्हाय, सायेब."

"पायताण काडतो की, अज्जी."

"पायताणाचं न्हाय वो. आत फायदा न्हाय असं कोर्टात ठरलंय. मग सावली कशापायी घेतासा? हितं ऊन भरपूर हाय, बसा."

काळा कोट वराडला, "म्हातारे, कोर्टाचा अपमान हाय ह्यो!"

"कोर्टाला मानते म्हणून तर सोडंना झालेय, बाबा."

नागोजी हसला. "आक्का, सावलीला काय वजन हाय? कोळसा तराजूत घालता येतोय."

"वजन तुझ्या अब्रूलाबी न्हाय, नागोजी. तीबी जाळ आनि पोत्यात भर."

सायेब उन्हात हुबा. घाम असा, की कोटाच्या खिशात बेडकं वराडाया लागली. तेवड्यात डायवर पळत आला. "सायेब, इंजान पार तापलंय. पानी घातल्याबिगर गाडी हलत न्हाय. इहिरीत नुसता चिखुल हाय."

आता सायबाचं तोंड बगण्यासारकं झालं. मी झऱ्याची घागर भरून आणली. डायवरनं हात फुडं केला, तशी मी घागर मागं घेटली.

"सायबाला इचार आदी. ह्यो फायदा हाय का न्हाय? नसंल तर भुईवर वतते."

सायेब घागरीकडं बगतोय, गाडीकडं बगतोय. शेवटाला घसा खाकरून म्हणाला, "हौद री अज्जी, व्हय व्हय. फायदा हाय. वत आता."

निकाल लागला. राई तोडाया मनाई. वाडी नाचली. वकिलानं कागूद वाचून दावला. राईतलं बारमाही पानी रस्त्यानं जाणाऱ्या सरकारी गाड्यांना उपयोगी, सबब राई राखावी. भाताचं नाव न्हाय, ढोराचं न्हाय, आमचं न्हाय. पाखरं तर कुनाच्या खिजगणतीत? एवडी बुकं शिकून सायबाला तहान कळली ती जीपगाडीची.

भरमू म्हणाला, "वैनी, जिकलो न्हवं?"

"व्हय बाबा, जिकलो. पुडच्या बारीला साक्षीला गाडीलाच धाड."

आता राईत दिवा लावाया गेले की पयलं मागणं देवाला योकच. बाबा, ह्या चढणीला सायबांच्या गाड्या अशाच तापत ऱ्हाऊ देत.