दोरी कोण सोडणार

मावशींनी बाल्कनीत दोरी बांधली तेव्हा मुलाने नुसती मान हलवली होती. कपडे वाळवायचं मशीन बंद पडलं होतं, दुरुस्तीवाला आठवड्याने येणार होता, तेवढ्यापुरतं चालून जाईल असं त्याला वाटलं. दुरुस्तीवाला आला, तो मावशींनी दारातूनच वाटेला लावला. त्याला आता तीन महिने झाले.

मावशी म्हणजे काही कुणाची सख्खी मावशी नव्हे. बत्तीस वर्षं त्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात होत्या आणि तिथे सगळे त्यांना मावशी म्हणायचे. निवृत्त होऊन मुलाकडे आल्या, तर बिल्डिंगही तेच म्हणायला लागली. धुलाईखान्यात खोलीएवढी यंत्रं दिवसभर घरघरायची. तिथे इलाज नव्हता, रोजच्या चारशे चादरी वाळवायच्या कुठे? पण घरात माणसं तीन, बाल्कनीत चार वाजेपर्यंत रणरणतं ऊन, आणि तरी दोन बनियन वाळवायला वीज जाळायची, हे त्यांच्या डोक्यात जायचं. उपदेश मात्र त्या कुणालाच करत नसत. कपडे खळबळल्यावर उरलेल्या पाण्याने फरशी पुसायच्या, विरलेल्या चादरींच्या पिशव्या शिवायच्या. सुनेने विचारलं, तर मला बरं वाटतं, एवढंच सांगायच्या. सून एक दिवस त्यातली एक पिशवी ऑफिसला घेऊन गेली.

दोरीचा धसका घेतला तो सोसायटीच्या चेअरमननी. एकेकाच्या मागे लागून त्यांनी सगळ्या बाल्कन्यांना एकच करडा रंग आणि एकसारखे गज लावून घेतले होते. त्यावर आता कुणाच्या चड्ड्या फडफडणार म्हणजे काय! आधी तोंडी निरोप आला, मग चिठ्ठी आली, आणि शेवटी रविवारी सकाळी बैठकच लागली. बाल्कनीत कपडे वाळत घालायला कायमची बंदी, हा एकच विषय.

मुलाची मधल्यामध्ये कुचंबणा. त्याने मावशींना स्पष्ट सांगितलं की ठराव झाला तर दोरी सोडायची आणि नवं मशीन आणायचं, मग त्यावर वाद नको. फ्लॅट त्याच्या नावावर, म्हणून मतही त्याचं. त्यांनी यावं हवं तर, पण गप्प बसावं. मावशी चिमट्यांची टोपली उचलून बाल्कनीत गेल्या. त्यांना राग दोरीपुरता नव्हता. उभा जन्म दुसऱ्यांचे कपडे दुसऱ्यांच्या हुकुमाने वाळवले, आता स्वतःचेही कुणाला तरी विचारून वाळवायचे, याचा त्यांना संताप येत होता.

बैठकीत चेअरमन बराच वेळ बिल्डिंगच्या शोभेबद्दल बोलले. मग त्यांनी हॉलमधल्या टीव्हीवर पुराव्याचा फोटो लावला. शुक्रवारी वॉचमनला मागच्या बाजूला पाठवून त्यांनी तो मुद्दाम काढून घेतला होता, मावशींच्या पाचव्या मजल्याचा.

मावशींनी चष्मा नीट केला आणि त्यांना हसू फुटायचंच बाकी राहिलं. फोटोतला निळ्या रेघांचा शर्ट दोन्ही खांद्यांना चिमटे लावून टांगलेला होता. शर्ट उलटा टांगायचा, चिमटे खालच्या काठाला, नाहीतर खांद्यांवर टोकं येतात, हे धुलाईखान्यात पहिल्याच दिवशी शिकवतात. मावशींच्या हातून अशी चूक झोपेतसुद्धा झाली नसती. घोळ लगेच त्यांच्या लक्षात आला. वॉचमन खालच्या पार्किंगला पहिला मजला धरायचा, चेअरमन धरत नसत. वॉचमनचा पाचवा तो बाकीच्यांचा चौथा, आणि चौथ्यावर, मावशींच्या बरोबर खाली, खुद्द चेअरमन राहत. बाल्कन्या सगळ्या एकसारख्या, त्यामुळे आपली कुठली हे त्यांना कळलं नाही. स्वतःचा शर्टही ओळखू आला नाही, कारण तो त्यांनी ओला असा कधी पाहिलाच नव्हता. आज तोच त्यांच्या अंगात होता. इस्त्री फिरवूनही खांद्यांवरची टोकं पुरती बसली नव्हती.

एक वाक्य बोललं असतं तर चेअरमनची पुरती शोभा झाली असती. मावशींच्या अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात पहिल्या रांगेत बसलेल्या चेअरमनच्या बायकोने मागे वळून पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. नवरा कामाला गेला की दोरी बांधायची आणि तो यायच्या आत सोडायची, असं या बाईने किती दिवस चालवलं असेल कोण जाणे. मावशींना तिची दया आली आणि चेअरमनचा राग दुप्पट झाला.

मुलाने त्यांचा हात दाबून धरला. तो सोडवून घेऊन त्या उभ्या राहिल्या.

"कपडे माझे आहेत," त्या म्हणाल्या. "उद्याही तिथेच असतील."

आयतीच कबुली मिळाल्यावर चेअरमननी लगेच मतं घेतली. बंदीच्या बाजूने चौदा हात वर गेले. विरोधात कोण म्हटल्यावर आधी पाच आणि मग, बऱ्याच वेळाने, सहावा. तो मुलाचा होता. आईकडे न बघता त्याने तो मोजून होईपर्यंत वर धरला.

ठराव मंजूर झाला. संध्याकाळपर्यंत दोरी उतरवा, असं चेअरमननी फर्मावलं.

"मी नाही उतरवणार," मावशी म्हणाल्या. "ज्याला खुपते त्याने घरी यावं आणि माझ्यादेखत सोडावी."

मग आत्ताच येतो, असं म्हणून चेअरमननी वॉचमनला हाक मारली आणि समितीतल्या चौघांना उठवलं. तोच त्यांची बायको उठली.

"अहो, मग आधी आपल्याकडे चला," ती म्हणाली. "फोटो आपल्या बाल्कनीचा आहे. तुमच्या अंगात तोच शर्ट आहे बघा. महिना झाला, मी मशीन लावलेलं नाही."

चेअरमननी टीव्हीकडे पाहिलं, मग मान वाकवून स्वतःच्या रेघांकडे. घरी बोलू, असं काहीतरी ते पुटपुटले.

"इथेच बोला. दोरी मी बांधली आहे आणि मीही सोडणार नाही. तुमच्याने सोडवत असेल तर या."

एवढं बोलून ती दोन रांगा मागे आली आणि मावशींच्या शेजारच्या खुर्चीत बसली. समितीतले चौघे एकेक करून खाली बसले. वॉचमन तर दारातून पुढे आलाच नव्हता.