उभंच न्यायचं

"आडवं करू नका! उभंच न्यायचं त्ये!"

विजयमालाबाई पायरीवरून ओरडल्या, तसे मशीन धरलेले चौघे दारातच थबकले.

"मावशी, उभं ठिवलं तर वळनावर कलंडंल की," टेम्पोवाला गहिनीनाथ म्हणाला.

"म्हनून तर मी मागं बसनार हाय. आडवं केलं की आतली चाकं जाग्यावरनं हलत्यात."

साठी उलटलेली बाई टेम्पोच्या हौद्यात बसणार, हे गहिनीनाथला पटेना. कांदे, खताच्या गोण्या, एकदा तर व्यायला झालेली म्हैससुद्धा त्यानं सुखरूप पोचवली होती. पण हे कपाटाएवढं लोखंडी धूड पुणतांब्याहून नगरला न्यायचं होतं, आणि ते नेमकं काय आहे हेच त्याला उमगत नव्हतं.

ते आवाज भरायचं जुनं मशीन होतं. विजयमालाबाईंचे यजमान वाल्मिक यांनी मुंबईहून ते विकत आणलं आणि घराच्या पुढच्या खोलीत रेकॉर्डिंग सुरू केलं. भजनी मंडळं यायची, गोंधळी यायचे, कव्वाल यायचे. वाल्मिक गेल्यावर बाईंनी एकटीनं ती खोली चालवली. पुढं ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आला आणि खोली बंद पडली. आता नगरच्या एका कॉलेजानं संग्रहालयासाठी मशीन मागितलं होतं.

बाईंनी वरची रिकामी रिळं काढून पिशवीत घेतली, चारी बाजूंनी गाद्या लावल्या, दोर आवळायला लावला आणि मशीनला पाठ टेकून बसल्या.

कोल्हारचा पूल ओलांडला आणि खड्डे सुरू झाले. एका दणक्यासरशी मागून 'आई गं' ऐकू आलं. गहिनीनाथनं टेम्पो कडेला घेतला आणि मागं धावला. दोर सैल झाला होता. मशीन कललं होतं आणि बाईंनी ते खांद्यावर तोलून धरलं होतं.

"सोडा मावशी! हाड मोडंल!"

"आधी दोर वढा."

दोर पुन्हा बांधून झाल्यावर तो धापा टाकत म्हणाला, "येवढं काय हाय वो यात? मानसांचे आवाज हायेत का आतमदी?"

बाई खांदा चोळत हसल्या. "मशीनमदी आवाज ऱ्हात न्हाई, बाबा. पाटात पानी ऱ्हातं का? आवाज ऱ्हातो फितीवर."

"मग फिती कुटं हायेत?"

बाईंनी सरकलेली गादी पुन्हा मशीनखाली नीट खोचली.

"गोदावरीला पूर आल्ता. समदे म्हनले, आदी मशीन उचला, म्हागाचं हाय. सहा जनांनी माडीवर न्हेलं. फिती काय, हलक्या. येका फेरीत आनू म्हनलं. खाली उतरलो तर छातीयेवढं पानी. जड हुतं ते वाचलं. हलकं हुतं ते समदं गेलं."

"कुनाकुनाचे आवाज हुते?"

"मेलेली, जिती, लई मानसं. आमच्या ह्यांचा बी हुता."

तेवढ्यात गहिनीनाथचा मोबाईल वाजला. घोडेगावच्या बाजारात कांदा भरायला बोलावणं होतं. "आज न्हाई जमनार," एवढंच म्हणून त्यानं तो ठेवला. तिथून पुढं त्यानं टेम्पो बैलगाडीच्या चालीनं नेला. मागून उसाचे ट्रॅक्टर हॉर्न वाजवत राहिले.

कॉलेजात संग्रहालय सांभाळणाऱ्या अल्मास मॅडम वाट बघत होत्या. त्यांनी कुठूनशी एक कोरी फीत मिळवली होती. बाईंनी रिळं चढवली, फीत ओवली, बटण दाबलं. लाल दिवा लागला आणि मशीन घरघरू लागलं.

"बोला, गहिनीनाथ," बाई म्हणाल्या.

"मी? काय बोलू?"

"काय बी."

तो माईकसमोर अवघडून उभा राहिला. "मी गहिनीनाथ. मशीन पुनतांब्याहून आनलं. उभंच आनलं."

बाईंनी फीत मागं घेऊन लावली. आवाज खोलीत घुमला. गहिनीनाथचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"ह्यो माजा आवाज?"

"तुमचाच."

"न्हाई... ह्यो आमच्या दादांचा हाय. वडलांचा. ते असंच बोलायचे." त्यानं टोपी काढून हातात घेतली. "मावशी, अजून येकदा लावता का?"

त्यांनी लावली. मग आणखी एकदा, न मागता.

"आता आम्ही सांभाळू, मावशी," अल्मास मॅडम हळूच म्हणाल्या.

विजयमालाबाईंनी मान हलवली आणि बटण बंद केलं. लाल दिवा विझला. रिळं मात्र आपल्याच वेगात फिरत होती. ती पार थांबेपर्यंत त्यांनी मशीनवरचा हात उचलला नाही.