सात नंबरच्या बाटलीची भरती

इंद्रायणीला इंदुरीपाशी रोज भरती-ओहोटी येते, असा शोध दिवाळीनंतर लागला. तो कुणामुळे लागला हे एकट्या प्रदीपला माहीत होतं, आणि त्याला जेवण जात नव्हतं.

नदीतलं प्लास्टिक समुद्रात कसं पोचतं, हे अभ्यासायला स्नेहल मॅडम आल्या होत्या. घाट उतरला की समुद्र आहे, पण हे इंद्रायणीला कुणी सांगितलेलं नाही. ती त्याच्याकडे पाठ करून भीमेत, मग कृष्णेत शिरते आणि चार राज्यं हिंडून पलीकडच्या समुद्राला मिळते. मॅडमनी गावातल्या प्रदीपकडे दहा बाटल्या दिल्या. प्रत्येकीच्या तळाशी बंद कप्प्यात ठावठिकाणा कळवणारं यंत्र. पुलावरून त्या सोडायच्या, एवढंच काम. त्यानं नऊ सोडल्या. सात नंबरची शेजारच्या येसूबाई मावशीला दिली, कारण मावशी म्हणाली, "झाकान लय झ्याक हाय रं."

दहातली एक कमी झाली तर समुद्राला काय कळतंय, असं त्याला तेव्हा वाटलं.

मावशी रोज सकाळी ती भरून नदीकाठानं मारुती आबांच्या शेतावर कामाला जाई, संध्याकाळी परत. नकाशावरचा सात नंबरचा ठिपका सकाळी चारशे मीटर वर, संध्याकाळी चारशे मीटर खाली. मॅडमना आधी वाटलं, बंधाऱ्याचा फुगवटा असेल. पण दोन अमावास्या आल्या, आणि दोन्ही दिवशी ठिपका हलला नाही. तेव्हा मॅडमनी चंद्राचा विचार सुरू केला.

हसण्यावारी न्यावं, तर कचरा अडवायला जाळी एकच मंजूर होती. ती ओढ्याच्या तोंडाशी लागणार होती. आता भरतीनं कचरा वर चढतो म्हणून मॅडम ती वर, पुलापाशी लावणार होत्या. म्हणजे ओढ्यातलं सगळं प्लास्टिक बिनघोर समुद्राला. कासवाच्या पोटात निघालेल्या झाकणाचा फोटो त्यांनी पहिल्याच दिवशी दाखवला होता. आता मावशी पाणी प्यायली की प्रदीपला कासव दिसे.

शेवटी मॅडम भरती डोळ्यांनी बघायला आल्या. दोघं सकाळी काठावर उभे राहिले. जलपर्णीचं पानसुद्धा हलत नव्हतं.

"निघाली," मॅडम मोबाईल बघत पुटपुटल्या. "आपल्याकडेच येतेय."

मागून आवाज आला, "काय हारवलं का, बाई?"

मॅडम वळल्या. त्यांनी मोबाईलकडे पाहिलं, मग मावशीच्या हातातल्या बाटलीकडे. तिच्यावर चिठ्ठी होती: उचलू नका, संशोधन चालू आहे.

"मावशी, ही कुठं मिळाली?"

मावशीनं प्रदीपचा चेहरा बघितला. त्यावर सगळं छापलेलं होतं.

"नदीत घावली," ती म्हणाली. "जलपर्णीत आडकलीती. मीच वडून काडली."

मॅडमनी वही उघडली. "नेमकी कुठं? तेवढं तरी लिहून ठेवते."

मावशी बोट कुठं दाखवावं ते शोधू लागली. तिच्यावर ही पाळी आपण आणली, हे प्रदीपला कासवापेक्षा जड गेलं.

"मॅडम, मीच दिली तिला," तो म्हणाला. "ही नदीत पडलीच न्हाई."

मॅडमनी वहीची मागची पानं उलटली.

"आणि अमावास्या?"

"आबा अमावास्येला शेतात काम लावत न्हाईत."

मॅडम दगडावर बसल्या. दोन महिन्यांचा चंद्र त्यांनी एका रेघेत खोडला. मग 'चुकीचं कारण' या रकान्यात लिहिलं: येसूबाई.

"ते खोडा," प्रदीप म्हणाला. "माझं नाव घाला."

त्यांनी घातलं. "जाळी ओढ्यावरच लागेल," त्या म्हणाल्या. "आणि ही आज सोडा. आजची तारीख टाकते."

मावशीनं पाणी जमिनीवर ओतलं आणि बाटली त्याच्या हातात दिली. "आन मी पानी कशात नेऊ?"

याचा अभ्यास कुणी केलेला नव्हता.

सात नंबर पुलावरून पडली ती सरळ प्रवाहाबरोबर खाली वाहत गेली. मग प्रदीपनं घरून कळशी आणली, खांद्यावर घेतली आणि मावशीच्या मागं चालू लागला. सकाळी चारशे मीटर वर, संध्याकाळी चारशे मीटर खाली. असं तो पुढच्या अमावास्येपर्यंत करत होता.