जोडीचं वळण

लॉइड स्टेनरूडला विमान वळवायचं वेडच होतं. युद्धाआधी अमेरिकेत, मिनेसोटातल्या जत्रांमधून तो दोन मजली पंखांचं जुनं विमान उडवायचा, हवेत कोलांट्या मारायचा, आणि लोकांनी माना वर केल्या की त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. नौदलात आल्यावर मात्र त्याच्या वाट्याला वाइल्डकॅट हे लढाऊ विमान आलं. पिंपासारखं आखूड आणि जाड, वर चढताना धापा टाकणारं. त्या १९४२च्या शरद ऋतूत त्यांचं विमानवाहू जहाज सॉलोमन बेटांच्या आसपास फिरत होतं आणि समोर जपान्यांची झीरो विमानं होती. ती वाइल्डकॅटच्या दुप्पट चपळ होती.

त्यातून तुकडीप्रमुख बर्डिकसाहेबांनी त्याला जोडीदार दिला ओरेल थिबोडो. मेन राज्याच्या किनाऱ्यावर शेवंड, म्हणजे मोठे समुद्री झिंगे, पकडणाऱ्यांच्या घरातला हा माणूस बोलायलाही हळू आणि उडायलाही. त्याचं विमान हवेत बैलगाडीसारखं सरळ चालायचं. लॉइडने साहेबांकडे जाऊन दुसरा कुणी मिळेल का, असं आडून आडून विचारलं. साहेबांनी आडून न सांगता नाही म्हटलं.

बर्डिकसाहेबांचं गणित साधं होतं. झीरोशी गिरक्या घेत लढायचं नाही. दुसऱ्याच गिरकीला तो पाठीवर येतो. पण त्याला हलकं करायच्या नादात जपान्यांनी त्याच्या वैमानिकामागे पोलादी पत्रा बसवला नव्हता, की टाकीला गोळी लागली तर भोक बुजवणारं रबरी अस्तर दिलं नव्हतं. एक नेमका फटका बसला की तो पेटायचा. वाइल्डकॅट मात्र मार खाऊन घरी यायचं. जोरात सूर मारला की झीरो मागे पडायचा, कारण त्या वेगात त्याच्या पंखांवरची, विमान कलवणारी पाती हलवायला जड व्हायची. उंची हातात असेल तर वरून सूर मारा, एकदा झोडा आणि सरळ निघून जा. उंची नसेल तर जोडीने उडा.

ही जोडीची युक्ती लॉइडच्या गळी उतरत नव्हती. दोघांनी शेजारी शेजारी, पण बरंच अंतर ठेवून उडायचं. प्रत्येकाने स्वतःच्या नव्हे, तर दुसऱ्याच्या शेपटीवर नजर ठेवायची. एकाच्या मागे शत्रू लागला की दुसऱ्याने लगेच त्याच्याकडे वळायचं. तो वळला, हाच इशारा. मग पहिल्यानेही त्याच्याकडे वळायचं. दोघं एकमेकांना ओलांडतात आणि पाठलाग करणारा आयताच दुसऱ्याच्या बंदुकांसमोर येतो.

सरावात बर्डिकसाहेब स्वतः झीरो झाले आणि या दोघांना वेग आवरून धरायला लावला, म्हणजे साहेबांचं विमान झीरोसारखं सरस ठरेल. थिबोडो वळला, पण लॉइड वळला नाही. तो आपल्या जत्रेतल्या गिरकीत शिरला आणि साहेबांनी त्याला बंदुकांना जोडलेल्या कॅमेऱ्यात दोनदा टिपलं. डेकवर उतरल्यावर थिबोडो हेल्मेट काढत शांतपणे म्हणाला, "मी वळलो होतो."

"दिसलं मला."

"मग?"

"अरे, तू माझ्या नाकावर येतोस! सरळ आदळलास म्हणजे?"

थिबोडोने थोडा विचार केला. "मी खाली जायचं की वर, ते आत्ताच ठरवू. म्हणजे तुला काळजी नको. तू नेहमी खालून जा."

इतकं सरळ उत्तर लॉइडला अपेक्षित नव्हतं. पुढच्या सरावात तो मनाविरुद्ध वळला, खालून गेला, आणि साहेबांना दर वेळी थिबोडोच्या विमानाचं नाक समोर दिसलं. उतरल्यावर साहेब नाराज होते, यावरून युक्ती चालली हे सगळ्यांना कळलं.

खरी गाठ पडली ती एका लख्ख सकाळी. बाँबफेकी विमानं येत असल्याचं रडारवर दिसलं आणि सगळ्यांना वर पाठवलं. ढगांपर्यंत चढायच्या आतच झीरो वरून कोसळले. लॉइडच्या उजव्या पंखात गोळ्या खडखडल्या. मागे पाहिलं तर एक झीरो शेपटीला चिकटलेला. त्याचे हात आपोआप एकट्याच्या गिरकीकडे निघाले. त्याच क्षणी डावीकडे थिबोडोचं विमान त्याच्याकडे कललं, कसलीही घाई नसल्यासारखं. दात आवळून लॉइड त्याच्याकडे वळला.

ते जाड नाक मोठं मोठं होत गेलं. लॉइड खालून निसटला, डोक्यावरून सावली गेली, बंदुकांची थरथर त्याला काचेतून जाणवली. मान वळवून पाहिलं तेव्हा झीरो ज्वाळांमध्ये खाली चालला होता. त्याला हसूच फुटलं. मग थिबोडोच्या मागे दुसरा लागला. आता लॉइड वळला, आणि सरळ रेषेत एवढा सोपा नेम त्याने जन्मात धरला नव्हता. झीरोच्या पंखाचा तुकडा उडाला आणि तो धूर सोडत पळाला.

पण त्याआधी त्या झीरोच्या गोळ्यांनी थिबोडोला गाठलं होतं. पाठीमागच्या पत्र्याने जीव वाचवला, तरी एक गोळी उजव्या दंडातून आरपार गेली होती. रेडिओवर त्याचा आवाज आला, नेहमीइतकाच संथ. "लॉइड, हात चालत नाही. चाकं कशी काढू?"

वाइल्डकॅटची चाकं हाताने दांडा फिरवून काढावी लागत, आणि दांडा उजव्या बाजूला. खटका सोडल्यावर दांडा निसटला तर मनगट मोडायचा. लॉइड त्याच्या पंखाला पंख लावून उडू लागला.

"विमानाची काठी गुडघ्यांत धर," तो म्हणाला. "डावा हात इकडे आण आणि दांडा घट्ट पकडून मगच खटका सोड. नाक कुठे जातंय ते मी सांगतो."

"बोलत राहा."

लॉइड बोलत राहिला. नाक खाली गेलंय, उचल. डावीकडे कललास, राहू दे, चालेल. मधेच त्याने शेवंडांचे पिंजरे कसे ओढतात तेही विचारलं, आणि थिबोडोने धापा टाकत सांगितलं की साधारण असेच, फक्त थंडी जास्त असते. विमान झोकांड्या खात होतं. पोटातून चाकं हळूहळू बाहेर आली, थांबली, पुन्हा सरकली.

"आली," लॉइड म्हणाला. "दोन्ही. लेका, एवढी सुंदर चाकं मी कधी पाहिली नाहीत."

डेकवर झेंडे घेऊन उभ्या असलेल्या अधिकाऱ्याने थिबोडोला पहिल्याच फेरीत आत घेतलं. शेपटीखालच्या आकड्याने डेकवरची आडवी तार पकडली, विमान हिसका खाऊन थांबलं. वर घिरट्या घालणाऱ्या लॉइडचा जीव भांड्यात पडला.

दुपारी तो जहाजावरच्या दवाखान्यात गेला. थिबोडो हात बांधून बसला होता आणि डाव्या हाताने डब्यातले पीच खायची खटपट करत होता. हाड शाबूत आहे, काही आठवड्यांत उडेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. लॉइडने डबा धरला.

"साहेब म्हणाले, तोवर तुला दुसरा जोडीदार देतील," थिबोडो म्हणाला.

"देतील. पण तुझी जागा तुझीच, असं सांगून आलोय."

थिबोडोने मान हलवली आणि पीचची एक फोड त्याच्यापुढे केली. लॉइडने ती खाल्ली. गोल खिडकीतून वारा येत होता, इंजिनांची घरघर पायांना गुदगुल्या करत होती. दोघांनी मिळून डबा संपवला. मग थिबोडोला झोप लागली, आणि लॉइडही उठायचा कंटाळा करत शेजारच्या रिकाम्या खाटेवर आडवा झाला.