गोखिवऱ्याचा ओंडका

आमच्या चर्चच्या माळ्याची तुळई वाळवीने पोखरली. लोखंडी टेकू लावले, तरी मर्लिनच्या गायनमंडळाला वर चढायची बंदी होती आणि चर्चचा सण महिन्यावर आला होता. नवी तुळई आणताना पॅरिश कौन्सिलने एक अट घातली: जे जंगल पुन्हा उभं राहणार नाही, तिथलं लाकूड नको. ते ठरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो. जंगल मी बहुतेक पुस्तकांतच पाहिलंय, हे सांगायचा धीर मला झाला नाही.

कौन्सिलचा रॉबर्ट मला गोखिवऱ्याच्या वखारीत घेऊन गेला. ओंडका विषुववृत्ताजवळच्या जंगलातून आलेला, लालसर, माझ्या कवेत मावणार नाही एवढा.

“वलयं मोजा, सर,” वखारवाला हार्दिक म्हणाला. “चाळीस भरतात. तिकडे चाळीस वर्षांनी एकदाच तोडतात. म्हणजे बरोबर जमलं.”

रॉबर्ट खूश झाला. मी मात्र वलयांवरून बोट फिरवत राहिलो. आपल्याकडे पाऊस सरला की सागाची वाढ थांबते, म्हणून वर्षाला एक वलय. जिथे बारा महिने पाऊस, तिथे झाड थांबणार कधी, आणि वलयांवरून वय कळणार कसं? हे झाड दोनशे वर्षांचंही असेल. मग चाळीस वर्षांनी तिथे तोडायला उरेल काय? पण मीच चुकत असलो तर?

घरी पुस्तकं काढली. एक उघडं तसंच टाकून दुसरं घेतलं. जेवण गेलं नाही. ओटीवर नुसता येरझाऱ्या घालत राहिलो.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर कौन्सिल बसली.

“मला… नक्की माहीत नाही,” मी म्हणालो.

“सर, ही तोंडी परीक्षा नाही हो,” मर्लिन म्हणाली. “घ्यायचं की नाही?”

“माहीत नाही, म्हणून नको.”

रॉबर्ट उसळला. “तिकडच्या जंगलाची एवढी काळजी! मग तुमच्या वाडीतला फणस द्या. पूर्वी चर्चला लाकूड वाडीतूनच यायचं. आमच्या आजोबांनी दिलंय.”

सगळे हसले. माझे कान तापले.

“बघायला या,” मी म्हणून गेलो.

संध्याकाळी ते आलेसुद्धा. रॉबर्टने खोडाला टेप गुंडाळली, मान वर करून उंचीचा अंदाज घेतला. “एक नंबर! वय किती याचं, सर?”

“माझ्याहून दोन वर्षांनी लहान. पप्पांनी लावलेला.”

“आणि परत एवढा व्हायला?” मर्लिनने विचारलं.

“तेवढीच वर्षं. आणि आता लावायला जागा नाही. पलीकडे बिल्डिंग झाली, ऊन येत नाही.”

माझी बायको बर्था पायरीवर उभी राहून ऐकत होती. “मग म्हणा की नको! तिकडच्या झाडाला म्हणालात ना?”

सगळे माझ्याकडे बघू लागले. नको म्हटलं असतं, तर स्वतःचं झाड वाचवायला म्हणतोय असंच त्यांना वाटलं असतं. जिथलं काही ठाऊक नव्हतं, तिथे मी नको म्हणालो होतो. इथलं सगळं ठाऊक होतं, आणि मी मान डोलावली.

बर्थाने आतून कोयती आणून खालचे कोवळे फणस उतरवायला घेतले आणि पहिला मर्लिनच्या हातात दिला. “भाजी करा.”

“रॉबर्ट,” मी म्हणालो, “सण पुढे नाही का ढकलता येणार?”

तो फोनवर होता. करवतवाल्याला पत्ता सांगत होता.