बॉनेट उघडं ठेव

सापडेल ते बिळात साठवणाऱ्या साठेबाज उंदरांनी माझ्या आत्याच्या, तिया एरमिंदाच्या, पिकअपच्या वायरी दुसऱ्यांदा कुरतडल्या, तेव्हा तिच्या मुलाने, लेआंद्रोने, अल्बुकर्कीहून फोनवर निकाल दिला. आता पुन्हा गाडी बंद पडली की घराला कुलूप आणि आई शहरात त्याच्याकडे. "तिथे गाडीशिवाय माणूस राहू शकत नाही," तो म्हणाला. डांबरी रस्त्यापासून अकरा मैल आत राहणाऱ्या पंचाहत्तरीच्या बाईबद्दल हे खोटं नव्हतं.

फोन ठेवून तिया माझ्याकडे वळली. "माझ्या भावाने तुला जीवशास्त्र शिकायला पाठवलं ना? मग सांग, हे उंदीर राहतात कुठे?"

विष मात्र नको, असं मी आधीच बजावलं. विष खाल्लेले उंदीर खाऊन कोठारातलं घुबडही मेलं असतं. अंगणात पीठ भुरभुरून मी तीन सकाळी पावलं पाहिली. सगळ्या वाटा एकाच जागी जात होत्या: तिच्या दिवंगत नवऱ्याच्या, कासिमिरोच्या, नऊ वर्षं उभ्या असलेल्या बंद गाडीखाली. त्या गाडीला ती कुणाला हात लावू देत नसे.

हे तिला सांगायला मला अर्धा दिवस लागला. ऐकून तिने साखळी आणली, दुरुस्त झालेल्या पिकअपला अडकवली आणि ती गाडी ओढत ओढ्यापलीकडे नेली. खाली कमरेएवढा ढीग निघाला: चोया निवडुंगाचे काटेरी तुकडे, वाळलं शेण, बाटल्यांची झाकणं, कासिमिरोचा चष्मा. चष्मा तिने पुसून खिशात घातला. बाकी सगळं फावड्याने उपसलं.

घर मोडलेला उंदीर लगेच दुसरा बंद आडोसा शोधतो. म्हणून पिकअपचं बॉनेट आम्ही रोज संध्याकाळी काठी लावून उघडं ठेवू लागलो. उघड्यावर तो घर करत नाही.

शनिवारी लेआंद्रो, गाडी पुन्हा बंद पडणारच असं धरून, सामान भरायला रिकामी खोकी घेऊन आला. तियाने त्यालाही रात्री त्याच्या गाडीचं बॉनेट उघडं ठेवायला सांगितलं.

"आई, नवी गाडी आहे. तुझ्या गावठी उंदरांना झेपायची नाही."

रविवारी सकाळी त्याच्या गाडीने नुसतं 'टक्' केलं. इंजिनावर चोयाचे ताजे तुकडे होते. मी मोजले, सतरा. वायरी तुटलेल्या.

तियाने आपलं बॉनेट आपटून बंद केलं, किल्ली फिरवली. पिकअप पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

"खोकी मागे टाक आणि बस," ती म्हणाली. "तुला शहरात सोडते. इथे गाडीशिवाय माणूस राहू शकत नाही."