मनोमिलन, सहा बाय चार

गंगावेशीत माझं फ्लेक्सचं दुकान आहे. लोक पुन्हा एकत्र आले की त्याला शब्द मी पुरवतो. दहावीच्या बॅचला ‘स्नेहमेळावा’, फुटलेल्या तालमीला ‘मनोमिलन’, भाऊबंदांना ‘कुटुंब मेळावा’. गिऱ्हाइकाचं नाव माहीत नसलं की “या पावणं” म्हणायचं आणि फोटो मागायचे. दुसऱ्यांच्या समेटावर माझी चूल पेटते, आणि गारगोटीचा माझा सख्खा भाऊ, आकारामदादा, बारा वर्षं माझ्याशी बोलत नव्हता.

चूक माझीच. आईच्या रक्षाविसर्जनाला मला उशीर झाला, दादा थांबला नाही, म्हणून भर नदीवर चार माणसांत बोललो, “आईला तूच उपाशी मारलंस.” जीभ झडली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर मी गारगोटीची बस धरली नाही, तिकडच्या कुणाचा फोन उचलला नाही.

यंदा एका गिऱ्हाइकाकडून कळलं, दादाच्या छातीत दुखून गेलं. माझा धीरच सुटला. फोन लावला, तर शब्द विकणाऱ्याला एक शब्द सुचेना. “दादा, रविवारी जेवायला ये की.”

तो म्हणाला, “येतो.”

आमच्याकडं समेट तोंडानं होत नाही, रश्श्यानं होतो. सकाळी रांगेत उभा राहून मटण आणलं. माझ्या बायकोनं, संयोगितानं, तांबडा-पांढरा केला. दादाला नळी आवडते, म्हणून त्याच्या ताटात आधी नळी वाढली.

दादा आला. फार वाळला होता. ताटावर बसला, बघत राहिला, आणि त्यानं सदऱ्याचं वरचं बटण काढलं. गळ्यात तुळशीची माळ होती.

“आई गेली त्याच साली घातली,” तो म्हणाला. “गारगोटीत शेंबड्या पोरालाबी ठावं हाय.”

“दादा, मला खरंच ठावं न्हवतं.”

“व्हय की. तुला कोण सांगणार?”

संयोगिता दही-भाताला धावली. त्यानं हात वर करून नको म्हटलं. भांडी तीच होती आणि घरभर वास भरला होता. त्यानं ओरडावं, ताट उलथवावं, असं मला फार वाटत होतं. भांडायला निदान नातं लागतं. तो शांतपणे चपला घालत होता.

“पुढल्या रविवारी ये. साधं करतो.”

“बघू की.”

उंबऱ्याबाहेर तो वळला. चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता. कुणाच्याही दारातून निघताना म्हणतात तसं म्हणाला, “येतो, पावणं.”